लाकडी पेट्रोल रेसिंग बोट सील करायची आणि रंगवायची कशी? पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

रिमोटवर पळणारी लाकडी मॉडेल बोट बांधून झाली की पहिला फोन येतो तो रंगाचाच असतोय. दादा कुठला रंग घेऊ, भगवा मारू का काळा-पिवळा, गाडीचा रंग चालतोय का. मी प्रत्येकाला उलट विचारतो, आतून काय लावलंयस? बहुतेक वेळा उत्तर येतंय की आतलं कुणाला दिसतंय, आत एक हात वॉर्निश मारलंय बस. आणि खरी गडबड तिथंच असते.

लाकडी बोट बाहेरच्यापेक्षा आतून जास्त खराब होते. २६ सीसीचं टू स्ट्रोक इंजिन म्हटलं की ऑइल मिसळलेलं पेट्रोल आत कुठं ना कुठं सांडणारच, कार्ब्युरेटरमधून उडतंय, पाइपच्या जॉइंटमधून काळं तेल गळतंय, टाकी भरताना थेंब पडतात, आणि वर बोट पळताना दोन-चार चमचे पाणी आत येतंच. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, त्यामुळं ते पाणी बोटीत जिथं जिथं डुचमळत जाईल तिथं तिथं पेट्रोल-तेलाचा थर पोचतो, कोपऱ्यात, प्लायच्या कडेत, स्क्रूच्या भोकात. माझ्या पहिल्या बोटीला मी बाहेरून आठ दिवस राबलो होतो आणि आत फक्त वॉर्निश. एक सीझन झाल्यावर इंजिनाच्या रेल (इंजिन ज्या लाकडी पट्ट्यांवर बसतं त्या) खालचा प्लाय काळा पडला आणि नख लावलं तर आत जायला लागलं. परत चिकटवायला गेलो तर एपॉक्सी धरेना, कारण तेल प्यायलेल्या लाकडाला कुठलाच गोंद धरत नाही. शेवटी तळाचा तुकडा कापून नवा बसवावा लागला. ते मला लई लागलं मनाला, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. आधी आत, मग भोकं, मग बाहेर, आणि रंग सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडू नका.

सुरुवात करायच्या आधी: दिवस कुठले निवडायचे

कोल्हापूरचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल असते, कपडे तीन तीन दिवस वाळत नाहीत, तिथं प्लाय कोरडा कसा राहील. या दिवसांत बोट बांधा, फ्रेम कापा, हार्डवेअर बनवून घ्या, पण सीलिंग आणि रंग नको. दिवाळीनंतर ते मे पर्यंतचा काळ चांगला. त्यात पण डिसेंबर-जानेवारीत सकाळी गारठा असतो तेव्हा एपॉक्सी लई हळू सेट होतंय, आणि एप्रिल-मे मध्ये उलटं, कपातच तापून दगड होतंय. मला स्वतःला फेब्रुवारी-मार्च आवडतो.

बोट कोरडी आहे का हे हाताला कळत नाही, वजनानं कळतं. रोज सकाळी एकाच वेळेला हल, म्हणजे बोटीचं नुसतं धड, काट्यावर ठेवायची आणि वहीत लिहायचं. वजन कमी कमी होत जातंय आणि मग एका आकड्यावर थांबतंय. सलग तीन दिवस तोच आकडा आला की लाकूड तयार. ओल आत ठेवून वरून सील केलं तर ती ओल कायमची आत कोंडली, मग उन्हात बोट ठेवली की फोड येणार.

सामान

एपॉक्सी रेझिन आणि हार्डनर. दोन नळ्या येतात ती ५ मिनिटवाली अराल्डाइट सीलिंगला वापरू नका, ती जाड असते, लाकडात मुरत नाही. पातळ लॅमिनेटिंग रेझिन घ्या. आपल्याकडं लॅपॉक्स एल-१२ आणि त्याचा के-६ हार्डनर इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्टला वापरतात, तो चालतोय, वजनानं १०० ला १० असं प्रमाण आहे. दुसरं कुठलं घेतलं तर त्याच्या डब्यावरचं प्रमाण बघा, आणि ते वजनाचं आहे का मापाचं हे पण बघा, दोन्ही वेगळं असतंय. गुजरीत सोनार वापरतात तसला छोटा डिजिटल काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो, तो घ्याच. हार्डनर जास्त टाकला तर लवकर सेट होईल हा समज डोक्यातून काढा. जास्तीचा हार्डनर तसाच आत राहतो आणि थर कायम चिकट आणि मऊ राहतो.

फायबरच्या टाक्या, गाडीचे बंपर करणारे जे पॉलिएस्टर रेझिन वापरतात ते स्वस्त पडतंय म्हणून घेऊ नका. ते लाकडाला नीट धरत नाही, काही महिन्यांत कापड सोलून निघतंय. आणि तरी कुणी वापरलंच तर एक गोष्ट जिवाची आहे, त्यातलं कोबाल्ट (वेग वाढवणारं) आणि एमईकेपी (त्याचा हार्डनर) हे दोन्ही थेट एकमेकांत कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो. एक आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग दुसरं.

बाकी फायबर ग्लास कापड, बाहेरून लावायला ५० ते ८० ग्रॅम प्रति चौरस मीटरचं, आणि आतल्या सांध्यांना पट्ट्या कापायला थोडं जाड. मायक्रोबलून पावडर, म्हणजे पुट्टीत घालायची पोकळ बारीक गोळ्यांची हलकी पावडर. वॉटर पेपर १२० पासून २००० पर्यंत. नायट्राइलचे निळे हातमोजे, धुळीचा मास्क. जुनं एटीएम कार्ड, रेझिन ओढायला यासारखं दुसरं काही नाही. आणि बोटीच्याच प्लायचे वहीच्या पानाएवढे दोन-तीन तुकडे बाजूला ठेवा, यांना मी नमुना म्हणतो. बोटीला जे जे लावाल ते त्याच दिवशी नमुन्याला पण लावायचं. पुढं लई उपयोगी येतात.

प्लायबद्दल एक. मरीन प्लाय म्हणून दुकानदार काहीही देतात, त्यावर आयएस ७१० चा शिक्का बघून घ्या. पण मरीन प्लाय म्हणजे सील करायला नको असं अजिबात नाही. मरीनचा मुख्य अर्थ असा की आतला गोंद पाण्यानं सुटत नाही. लाकूड पाणी पितंच.

पायरी १: आतली बाजू

हे डेक बसवायच्या आधी करायचं. डेक बसल्यावर पुढच्या नाकाच्या कप्प्यात हात जात नाही, आणि हात जात नाही तिथंच पाणी जातंय.

पहिल्यांदा १२० च्या पेपरनं आत सगळीकडं घासा, गोंदाचे ओघळ काढा, व्हॅक्युम मारा. मग तळ आणि बाजू जिथं मिळते त्या आतल्या कोपऱ्यात गोलाई भरायची. एपॉक्सीत चाळलेला बारीक लाकडाचा भुसा घालून श्रीखंडाएवढं घट्ट करा आणि आइस्क्रीमच्या काडीनं कोपऱ्यातून ओढत न्या. त्याचे दोन फायदे, सांधा भक्कम होतो आणि कोपऱ्यात तेल साठून राहत नाही, पुसता येतं. हे भुसावालं मिश्रण अर्धवट सेट असताना, म्हणजे नख टोचतंय पण हाताला लागत नाही अशा वेळी, त्यावर एक इंच रुंदीची कापडाची पट्टी रेझिननं बसवा. इंजिनाच्या रेलच्या दोन्ही अंगाला आणि मागच्या फळीच्या आतून ही पट्टी हवीच हवी, तिथं इंजिनाचा आणि प्रॉपेलरचा सगळा हिसका येतो.

आता सीलिंग. थोडंच रेझिन कालवा, ५० ग्रॅमच्या वर एका वेळी नको, दोन मिनिटं कपाच्या कडा आणि बूड खरवडत खरवडत ढवळा, मग दुसऱ्या कपात ओतून परत ढवळा, कारण पहिल्या कपाच्या बुडाला न मिसळलेलं राहतंच. आणि कपातून पसरट ताटलीत काढा. कपात गोळा करून ठेवलं की ते स्वतःच्या उष्णतेनं तापतं, धूर पण येतो. रेझिन पातळ करायला थिनर टाकू नका, रेझिनची बाटली तेवढी गरम पाण्याच्या भांड्यात दहा मिनिटं उभी करा, मधासारखी पातळ होते आणि लाकडात मुरते. फक्त गरम केल्यावर हाताशी वेळ कमी राहतो हे लक्षात ठेवा.

हात मारायची वेळ संध्याकाळची ठेवा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी दोन वर्षं बुडबुड्यांशी भांडत होतो. सकाळी लावलं की दिवसभर लाकूड तापत जातं, त्याच्यातली हवा फुगते आणि ओल्या रेझिनमधून फुगे काढत बाहेर येते. संध्याकाळी लावलं की लाकूड गार होत जातं, हवा आकसते आणि रेझिनला आत ओढून घेते. तेच रेझिन, तेच लाकूड, फरक फक्त वेळेचा.

पहिला हात लाकूड पिऊन टाकेल, काही तासांनी बघितलं तर कोरडं दिसेल. प्लायच्या कापलेल्या कडा तर स्पंजासारख्या पितात, फ्रेमची भोकं, हॅचची कड, रेलचे टोक, तिथं पहिला हात संपायच्या आत परत परत ब्रश फिरवा, जोपर्यंत कड पिणं थांबवून ओलीच दिसत राहत नाही तोपर्यंत. दुसरा हात पहिला चिकट असतानाच, मग मध्ये घासायची गरज नाही. इंजिनच्या भागात तिसरा. नाकातल्या बंद कप्प्यात दोन बास.

आत रंग मारायचा का असं विचारतात. मी नाही मारत. एपॉक्सीवर टू-के क्लिअरचा (गाड्यांचा हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक थर) एक पातळ हात मारतो, लाकूड दिसत राहतं आणि कुठं तेल मुरायला लागलं तर डाग लगेच दिसतो. मारायचाच असेल तर पांढरा मारा, गडद नको.

बोट बुडू नये म्हणून आत फोम भरतात, तो याच वेळी भरायचा. थर्माकोल अजिबात नको, पेट्रोल लागलं की थर्माकोल विरघळून त्याचा चिकट लगदा होतो. टीव्ही-फ्रिजच्या पॅकिंगला पांढरा लवचिक फोम येतो तो किंवा पोहायला वापरतात त्या फोमच्या नळ्या चालतात. नमुना तुकड्यावर ठेवून पेट्रोल टाकून बघा आधी.

पायरी २: भोकं

ही पायरी सगळे गाळतात, आणि माझ्या मते पाणी आत यायचा सगळ्यात मोठा रस्ता हाच. शाफ्टच्या नळीचं भोक, रडरचे (सुकाणूचे) स्क्रू, स्ट्रट (शाफ्टला मागं धरणारं ब्रॅकेट), पाण्याच्या नळीचं तोंड, ट्रिम टॅब (मागच्या फळीवरच्या छोट्या पट्ट्या), सर्व्होच्या (रिमोटवर रडर फिरवणाऱ्या छोट्या मोटरच्या) दांड्या. तुम्ही छान सील केलेल्या लाकडाला ड्रिल मारलं की परत उघडं लाकूड मिळालं, आणि स्क्रू घट्ट असला तरी त्याच्या आट्यांमधून पाणी आत सरकतंच.

पद्धत अशी. सगळं हार्डवेअर रंगाच्या आधी एकदा पूर्ण बसवून बघायचं, इंजिन, शाफ्ट, सगळं सरळ रेषेत आहे का तपासायचं. मग काढायचं. ३ मिमीचा स्क्रू असेल तर ६ मिमीचं भोक पाडा, मागून टेप लावा, भोक घट्ट एपॉक्सीनं काठोकाठ भरा, दुसऱ्या दिवशी त्या एपॉक्सीत बरोबर मध्ये ३ मिमीचं भोक पाडा. आता स्क्रू लाकडाला शिवतच नाही, सगळीकडून एपॉक्सीची भिंत. वीस-पंचवीस भोकं असतात, कंटाळा येतो, पण एका रविवारचं काम आहे. स्ट्रट-रडरच्या ब्रॅकेटला काही कमी जास्त असेल तर आत्ताच उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये नेऊन दुरुस्त करून आणा, रंग झाल्यावर घासाघासी नको.

पायरी ३: पाण्याची परीक्षा

भोकं तात्पुरती टेपनं बंद करा, आत कोपऱ्या-कोपऱ्यात टिश्यू पेपर ठेवा, इंजिनाएवढं वजन, दोन-अडीच किलोचं, इंजिनाच्या जागी ठेवा आणि हल पाण्याच्या टाकीत अर्धा तास सोडा. मग टिश्यू एकेक हात लावून बघा. कुठला ओला आहे त्यावरून जागा कळते. रंग मारल्यावर गळती सापडली तर सगळं खरवडावं लागतं, आत्ता सापडली तर दोन थेंबांचं काम. झाल्यावर परत वजनाच्या आकड्यावर येईपर्यंत वाळवा.

पायरी ४: बाहेरची बाजू

१२० नं घासा, मग १८०. खड्डे, दाबलेल्या जागा मायक्रोबलून आणि एपॉक्सीच्या पुट्टीनं भरा. पेंटर लोक गाडीला वापरतात ती पॉलिएस्टर पुट्टी उघड्या लाकडावर नको. आणि अर्धवट वाळलेल्या एपॉक्सीवर तर नकोच, खालच्या हार्डनरमुळं ती कडकच होत नाही.

तळाला कापड लावताना बोट उलटी ठेवा, कोरडं कापड अंथरा, सुरकुत्या हातानं मध्यापासून बाहेर काढा, मग मध्यावर रेझिन ओता आणि कार्डानं सगळीकडं ओढत जा. कापड पारदर्शक झालं की भिजलं. चकाकणारं तळं दिसतंय म्हणजे रेझिन जास्त झालं, ते कार्डानं काढून टाका, कापड तरंगतंय तिथं. हातानं लावताना साधारण कापडाच्या वजनाएवढं रेझिन लागतंय, म्हणजे अर्धा चौरस मीटर ८० ग्रॅमचं कापड असेल तर ४० ग्रॅम कापड आणि जवळपास तेवढंच रेझिन, वर विणीचे खळगे भरायला अजून दोन हात. रेसिंग बोट आहे, जाड मजबूत करायच्या नादात किलोभर रेझिन ओतू नका.

आता जे सांगतोय ते नीट वाचा, कारण यानं बोटीचा स्पीड ठरतोय. तळ आणि मागची फळी जिथं मिळते ती कड, आणि तळाच्या बाजूच्या कडा, या धारदार पाहिजेत. गोल झाल्या की पाणी तिथून तुटून सुटत नाही, गोलाई धरून वर चढतं आणि बोटीला मागून खाली खेचतं. आणि कापड काय करतंय, धारदार कडेवर ते वाकतच नाही, म्हणून आपण कड गोल करतो, वरून रेझिन, प्रायमर, रंग, प्रत्येक थरानं ती अजून गोल होते. उपाय असा आहे की कापड कडेपर्यंतच आणायचं आणि धारेनं कापायचं, मग मागच्या फळीला गुळगुळीत टेप अशी लावायची की ती तळाच्या दोन-तीन मिमी वर येईल, म्हणजे छोटा बांध झाला. त्या बांधाच्या आत घट्ट एपॉक्सी भरायची. सेट झाल्यावर टेप काढा आणि लाकडी ठोकळ्यावर पेपर लावून तळाच्या पातळीत घासत आणा. तीक्ष्ण, सरळ कड मिळते, तीही पूर्ण एपॉक्सीची.

मग स्टीलची लांब पट्टी तळावर मागच्या भागात उभी धरा आणि पलीकडून बॅटरी मारा. मध्ये उजेड दिसला तर तळ खोलगट आहे, बोट पळताना नाक खाली दाबेल. पट्टी मध्ये टेकून दोन्ही टोकं हलतात तर तळ फुगीर आहे, बोट बेडकासारखी उड्या मारत जाईल. दोन्ही दोष आत्ताच पुट्टी लावून, लांब ठोकळ्यानं घासून काढायचे. नुसत्या बोटांनी पेपर धरून कधीच घासू नका, बोटांच्या मधे मधे लाटा पडतात, आत्ता दिसत नाहीत आणि क्लिअर मारल्यावर उन्हात सगळ्या दिसतात.

अजून एक. एपॉक्सी सेट झाली की वर कधी कधी मेणासारखा चिकट थर येतो, विशेषतः हवा दमट असली तर. तो घासला तर पेपर भरतो आणि मेण आतच चोळलं जातं. आधी साध्या पाण्यानं आणि हिरव्या स्क्रबरनं धुवा, पुसा, मग घासा. न धुता प्रायमर मारला तर महिन्याभरात पापुद्रे.

घासताना मास्क पाहिजेच. पूर्ण न वाळलेल्या एपॉक्सीची धूळ अंगाला लागून काही जणांना कायमची ॲलर्जी होते, मग आयुष्यभर हात लावता येत नाही. हाताला रेझिन लागलं तर थिनरनं धुऊ नका, थिनर त्याला कातडीत घेऊन जातो. आधी कोरड्या कापडानं पुसा, मग साबण.

पायरी ५: रंग कुठला

इथं आपला नमुना तुकडा कामाला येतो. डब्यातला साधा ऑइल पेंट, स्प्रे कॅनवाला एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग, फर्निचरचं लाखेचं पॉलिश, यातलं काहीही पेट्रोलपुढं टिकत नाही. आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतंय, आणि लाख तर स्पिरिटमध्येच विरघळवतात, म्हणजे इथेनॉलनं पण निघणारच. नमुन्यावर तुमचा रंग मारा, आठवडा वाळू द्या, मग पेट्रोल-ऑइलमध्ये भिजवलेला कापूस दहा मिनिटं त्यावर ठेवा आणि अंगठ्यानं जोरात घासा. कापसाला रंग आला किंवा थर मऊ लागला तर तो रंग बोटीला नाही.

टिकतो तो टू-के पीयू, म्हणजे गाड्यांचा हार्डनरवाला रंग. प्रायमर, बेस कोट आणि वर टू-के क्लिअर. कारच्या रंगाच्या दुकानात पाव लिटरपासून मिक्स करून देतात. एकाच कंपनीचा प्रायमर, क्लिअर, हार्डनर, थिनर घ्या. नुसती एपॉक्सी उघडी ठेवायची म्हणाल तर ती उन्हानं पिवळी पडते आणि पावडर सुटते, म्हणून वर काहीतरी पाहिजेच.

टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. स्प्रे करताना त्याची वाफ आणि तुषार फुफ्फुसाला लई वाईट, दम्यासारखा त्रास कायमचा लागू शकतो. कापडी मास्क, कोरोनातला एन-९५, यानं ती वाफ थांबत नाही. म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याला मी सरळ सांगतो, प्रायमरपर्यंतची घासाई सगळी तुम्ही करा, आणि स्प्रे ओळखीच्या कार पेंटिंग गॅरेजमध्ये मारून घ्या जिथं बूथ आणि पेंटरला बाहेरून हवा देणारा मास्क आहे. घराच्या गच्चीवर, खोलीत, पोरं-बाळं असताना तर नकोच.

पण पेंटरचा हात बघायला थांबा तिथं. बापट कॅम्पात, शाहूपुरी कुंभार गल्लीत गणपतीच्या दिवसांत गेलात तर कारागीर मूर्तीवर गन कशी फिरवतात ते तासभर उभं राहून बघा, मी तर तिथंच शिकलो की गन मूर्तीच्या बाहेर असतानाच चालू करायची, अंतर कायम ठेवून पूर्ण ओढायची आणि बाहेर गेल्यावर बंद करायची, मधे थांबलं की ओघळ आलाच.

पायरी ६: प्रायमर, बेस, क्लिअर

एपॉक्सी २२० नं आणि मग ३२० नं मॅट करा, कुठंही चकाकी राहिली नाही पाहिजे. चकाकी म्हणजे तिथं प्रायमर धरणार नाही. प्रायमरचे दोन हात, वाळल्यावर काळ्या मॅट स्प्रेची अगदी विरळ धूळ मारा आणि ठोकळ्यावर ४०० चा वॉटर पेपर लावून पाण्यात घासा. काळे ठिपके जिथं राहतात तिथं खड्डा, जिथं लगेच प्रायमर जाऊन खालचं दिसायला लागतं तिथं उंचवटा. डोळ्याला दिसत नाही ते हे सांगतं. खड्डे भरा, परत प्रायमर, शेवटी ६००.

या सगळ्या काळात बोटीच्या आसपास सिलिकॉन, डॅशबोर्ड पॉलिश, चेन स्प्रे असलं काही फवारू नका. त्याचा कण जरी बसला तरी रंग तिथून पळतो आणि माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडतात.

रंग निवडताना हौस बाजूला ठेवून लांबून दिसण्याचा विचार करा. पाणी आपल्याकडं हिरवट-मातकट, त्यात निळी, हिरवी, चॉकलेटी बोट दीडशे-दोनशे फुटांवर हरवते, आणि बोट कुठल्या तोंडानं पळतीय हेच कळलं नाही तर वळवणार कशी. वरून भडक केशरी किंवा पिवळा, आणि तळ पूर्ण वेगळा, पांढरा म्हणा, म्हणजे उलटी झाली की काठावरून लगेच समजतं. एक बाजू आणि दुसरी बाजू यात पण एखादा पट्टा वेगळा ठेवला तर अजून सोपं. सांगलीला कृष्णेत होड्यांच्या शर्यती बघा, लांबून होडी ओळखू येते ती रंगानंच.

बेसचे दोन-तीन पातळ हात, मधे दहा-पंधरा मिनिटं. पट्टे मारायला साधी खाकी मास्किंग टेप नको, तिच्या खालून रंग झिरपतो, बारीक प्लास्टिकची फाइन लाइन टेप घ्या. नंबर, नाव रेडियमवाल्याकडून कापून आणा आणि क्लिअरच्या खाली घ्या, म्हणजे पेट्रोलनं कडा उचलत नाहीत. स्टिकरवर पहिला क्लिअर अगदी हलका, ओला हात एकदम मारला तर स्टिकर आकसतो.

क्लिअर दोन हात. तळाला एकच, वजन वाचवा, आणि त्या धारदार कडेवर रंग-क्लिअरची जाडी जमली असेल तर वाळल्यावर ६०० च्या पेपरनं ठोकळा लावून कड परत मोकळी करा. चमक गेली तरी चालेल तिथं, धार राहिली पाहिजे.

पायरी ७: थांबायचं

क्लिअर दुसऱ्या दिवशी हाताला कडक लागतो, पण आतून तो अजून शिजत असतो. सात दिवस पेट्रोल लावू नका, थंडीत दहा. रोज बोटीकडं बघून हात शिवशिवतात मला माहीत आहे. आठवड्यानंतर १५०० आणि २००० च्या वॉटर पेपरनं डेक घासून रबिंग कंपाउंडनं पॉलिश करायचं असेल तर करा.

जोडणी करताना मागच्या फळीवरच्या प्रत्येक ब्रॅकेटखाली आणि स्क्रूला सीलंट. आंबट व्हिनेगरसारखा वास येतो तो सिलिकॉन पितळेला गंज आणतो, न्यूट्रल लिहिलेला घ्या. इंजिनच्या कप्प्यात मात्र सिलिकॉनवर भरवसा नको, पेट्रोलनं तो फुगून सुटतो, तिथं एपॉक्सीच. रेडिओ बॉक्सच्या (रिमोटचा रिसीव्हर ठेवायच्या डबीच्या) झाकणाला वरून चांगली पारदर्शक टेप, आणि सर्व्होची दांडी बाहेर येते तिथं रबरी बेलो, म्हणजे घडीची टोपी.

पाण्यात सोडताना आणि काढल्यावर

जागेची परवानगी आधी विचारा. कळंबा पिण्याच्या पाण्याचा तलाव आहे, तिथं पेट्रोलची बोट न्यायचीच नाही. रंकाळ्याच्या काठावर संध्याकाळी गर्दी, पोरं पाण्यात पाय सोडून बसलेली असतात, २६ सीसीची बोट कुणाच्या अंगावर गेली तर जीव जाईल. आणि कुठल्याही तलावात केंदाळ असेल तर ते प्रॉपेलरला गुंडाळून शाफ्ट पिळतं, नळीचा सांधा तिथंच उखडतो आणि तुमचं सगळं सीलिंग वाया.

घरी आल्यावर हॅच उघडा, नाक वर करून पाणी मागून काढा, कापडानं तेल पुसा, कोपरे जास्त. रात्रभर हॅच उघडीच ठेवा. दर दोन-तीन वेळा पळवल्यावर इंजिन रेलच्या कडा आणि शाफ्टच्या नळीचं बूड बॅटरी लावून बघा. केसाएवढी चीर दिसली किंवा लाकडात गडद डाग पसरताना दिसला तर त्याच आठवड्यात थांबा. ती जागा थिनरच्या कापडानं पुसा, ब्लेडनं मोकळ्या लाकडापर्यंत खरवडा, दोन दिवस वाळवा आणि संध्याकाळी एपॉक्सीचा थेंब सोडा. तेल आत मुरायच्या आधी एवढंच लागतं. मुरल्यावर तुकडा कापूनच काढावा लागतो, आणि काढताना काळा भाग संपल्यावर अजून बोटभर पुढं कापा, तेल दिसतं त्याच्या पुढं गेलेलं असतंय.